नंबरकाकांची ‘जागृती’

बाजारात त्यांना सगळे नंबरकाका म्हणत. चष्म्याचं दुकान होतं, तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत होते, म्हणून हे नाव. दुकान म्हणजे काय, एका माणसानं हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी बोळकांडी. समोर अक्षरांचा तक्ता, मध्ये हनुवटी टेकवायचं यंत्र, काचेच्या कपाटात फ्रेमांची रांग आणि मागे पडदा. पडद्याआड काचा घासायचं मशीन, आणि त्याच्या वरच्या फळीवर मखमलीत गुंडाळलेलं व्हायोलिन. दुकानात धूळ बसलेली नव्हती ती एवढ्या एकाच वस्तूवर.

आता गंमत ऐका. अख्ख्या बाजाराला चष्मे लावणाऱ्या या माणसाचा स्वतःचा जवळचा नंबर होता अडीच, आणि चष्मा लावायला मात्र तो तयार नव्हता. लांबचं लख्ख दिसायचं, नाकासमोरचं सगळं धुकं. पावती लिहायची तर हात लांब, मान मागे, ओठ बाहेर. “कलावंताच्या डोळ्यांवर काच नको. श्रोत्यांना त्याचे डोळे दिसले पाहिजेत,” असं त्यांचं म्हणणं होतं. कुठले श्रोते, असं कुणी विचारलं तर त्या गिऱ्हाईकाचा चष्मा आठ दिवस उशिरा मिळायचा.

काकांनी तरुणपणी एक धून बांधली होती. नाव ठेवलं होतं ‘जागृती’. तिचे तीन भाग. पहिला संथ. दुसरा त्याहून संथ, इतका की वाजवणारा मध्येच विचारात पडला की काय असं वाटावं. आणि तिसरा? तिसऱ्यात म्हणे सगळी वीज होती. गज असा धावायचा, बोटं अशी पळायची, की ऐकणारा खुर्चीतून ताडकन उठलाच पाहिजे. काकांचा सगळा जीव त्या तिसऱ्या भागात अडकला होता. पण तो यायचा नऊ मिनिटांनंतर, आणि नऊ मिनिटं कोणाला धीर आहे हो?

इमारतीच्या स्नेहसंमेलनात सातव्या मिनिटाला कुणीतरी “वा!” म्हणून टाळी दिली, त्याबरोबर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा आला. मेहुण्याच्या निवृत्तीच्या समारंभात आठव्या मिनिटाला साहेब भाषणाला उभे राहिले. एका डॉक्टरांना संगीताची आवड आहे असं कळलं, म्हणून काका व्हायोलिन घेऊन थेट त्यांच्या घरी गेले, तर सहाव्या मिनिटाला डॉक्टरांना पेशंटचा फोन आला. फोन वाजलेला कुणी ऐकला नव्हता, पण डॉक्टर म्हणाले आला, म्हणजे आला. “एकदा, फक्त एकदा कुणीतरी तिसरा भाग शेवटपर्यंत ऐकू दे,” काका म्हणायचे, “मग मी डोळे मिटायला मोकळा.”

घरी तर बोलायलाच नको. बायको इस्पितळात नर्स होती. रात्रपाळी करून यायची, घरातलं आवरायची आणि दुपारी एकला आडवी व्हायची. काकांचं दुकान नेमकं एक ते चार बंद. म्हणजे बाईंनी डोक्यावर पांघरूण घेतलं रे घेतलं की शेजारच्या खोलीत ‘जागृती’ सुरू.

“अहो, तुमचं ते सुरू झालं की माझी झोप उडते!”

“अरसिक!”

“अरसिक तर अरसिक. माणूस आहे मी, मलाही झोप हवी.”

तीस वर्षं हाच संवाद. एकदा या एका वाक्यावरून अकरा दिवस अबोला झाला होता, दोघं एकमेकांना निरोप शेजारणीकडून पाठवत होते. झोप उडते म्हणे! आपल्या कलेचा याहून मोठा अपमान काकांना माहीत नव्हता. बाई निवृत्त झाल्या तरी ते वाक्य काही निवृत्त झालं नाही.

अशात एक दिवस काकांची भाची आली. बहिणीची मुलगी, फोनवर गाणी ऐकवणाऱ्या एका कंपनीत कामाला. मामाच्या पडद्याआडचं व्हायोलिन ती लहानपणापासून बघत होती. तिला कीव आली म्हणा, प्रेम म्हणा.

“मामा, हल्ली कॅसेट नको, काही नको. एकदा वर चढवलं की फोनवर, घरातल्या स्पीकरवर, टीव्हीवर, जगात कुठेही वाजतं.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

काकांनी त्याच दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. काचांच्या पेटीवर फोन उभा केला आणि तेरा मिनिटं वाजवलं. मधे एकदा गिऱ्हाईकानं शटर ठोकलं, त्याला भाचीनंच पिटाळून लावलं. काय ती साफसफाई करायची ती ऑफिसात करून पुढच्या आठवड्यात तिनं धून चढवली.

महिनाभरानं तिचा फोन आला. “मामा, नंबर बघितलात का? चार हजार!”

काकांच्या हातातली काच खाली पडली. आयुष्यभर वजा दीड आणि अधिक दोन असले नंबर बघितलेला माणूस तो, चार हजार हा नंबर त्यांच्या तक्त्यात बसेना.

“आणि मामा, मध्येच बंद करणारं जवळजवळ कुणी नाही. लावलं की लावलं.”

“बघ! बघ, मी काय म्हणत होतो?”

“गाडी चालवताना लावू नका, असं मात्र मी खाली लिहून टाकलंय.”

“शहाणी माझी बाय. भान हरपतं ना माणसाचं.”

“मामा, लोक हे कशासाठी ऐकतात माहितीये का, ते जरा…”

“कशासाठी म्हणजे? कलेसाठी!”

भाचीनं पुढचं वाक्य गिळलं. चार हजारांचे चौदा झाले, चौदाचे चाळीस. मग काकांनी दुकानात जो उच्छाद मांडला त्याला तोड नव्हती. गिऱ्हाईक आलं की त्याची हनुवटी यंत्रावर टेकवायची, कपाळ पट्टीला चिकटवायचं, हलायचं नाही अशी ताकीद द्यायची आणि विचारायचं, “आमचं ऐकलंत का?” बिचाऱ्याला मान हलवायची सोय नाही. तिकडे तक्त्यावरची शेवटची ओळ आणि इकडे काकांचे चाळीस हजार. दोन म्हाताऱ्या बायका तर पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जायला लागल्या, तिथला माणूस नंबर चुकीचा काढतो पण गप्प असतो म्हणून.

धुनीखाली लोक काहीबाही लिहायचे. ती बारीक अक्षरं काकांना दिसायची नाहीत, आणि चष्मा तर लावायचा नाही. मग ते काम शेजारच्या चपलांच्या दुकानदारानं पत्करलं. हा चपलवाला एक नंबरचा बेरका. त्याला पहिल्या दिवशीच सगळं कळलं होतं, पण असा फुकटचा तमाशा कोण मोडतं? रोज सकाळी स्टुलावर बसून, चेहरा बातम्या देणाऱ्यासारखा करून तो वाचायचा.

“‘काका, दोन मिनिटांत आडवा केलात.’”

“आडवा!” काका मांडीवर थाप मारायचे. “पैलवान असेल कुणीतरी.”

“‘आमच्या ह्यांना आजवर कुणी झोपवू शकलं नव्हतं, तुम्ही झोपवलंत.’”

“मोठमोठ्यांना झोपवलंय आपण!”

“‘तुमच्याशिवाय रात्र जात नाही.’ बाईचं नाव आहे काका, घरी सांगू नका.”

काका चक्क लाजले.

आता दोष एकट्या काकांना देऊ नका. आपण बोलतोच तसं, त्याला ते काय करणार? गाणं आवडलं की आपण काय म्हणतो? भान हरपलं, डोळे मिटले, तंद्री लागली, समाधीच लागली. आणि डुलकी लागली की काय होतं? तेच. फोनवरच्या गाण्यांच्या ज्या यादीत भाचीनं ती धून घातली होती तिच्या चित्रात चंद्र होता आणि मिटलेला एक डोळा होता. काकांना वाटलं, दर्दी श्रोता दाखवलाय. खाली दोन शब्द होते, ते बारीक होते.

रात्री काका स्वतःही ऐकायचे. फोन उशाशी, दिवा बंद. सकाळी चहाच्या वेळी सांगायचे, “काल समाधी लागली मला. माझंच वाजवणं, पण परकं वाटलं.”

“समाधी घोरत होती,” बाई म्हणायच्या. मग एकदा त्यांनी विचारलं, “अहो, पण त्या फोनवर पुढचं कुठे गेलं?”

“पुढचं म्हणजे?”

“ते धावपळीचं.”

“तुला काय कळतंय त्यातलं!” काकांनी कप आपटला. बाईंनी कप उचलून विसळला आणि तो विषय तिथेच राहिला.

आठव्या महिन्यात काकांनी जाहीर केलं की आता मैफल. समोरासमोर. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह, एकशेवीस खुर्च्या, रविवार, दुपारी चार. भाची धावत आली.

“मामा, फोनवर ऐकणं वेगळं असतं हो. लोक घरी, आपल्या अंथरुणात…”

“म्हणूनच! त्या बिचाऱ्यांना मी दिसत नाही. त्यांना तिसरा भाग डोळ्यांदेखत ऐकवायचाय मला. तू लिही, ‘जागृती’, प्रत्यक्ष.”

तिसऱ्या भागाचं नाव निघाल्यावर भाचीचा चेहरा पडला, पण मामाच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते बघून तिला बोलवेना. तिनं लिहिलं. दोन दिवसांत एकशेवीस जागा भरल्या. लोक विचारायला लागले, खुर्ची मागे कलते का? उशी आणली तर चालेल का? दिवे जरा मंद ठेवणार का? चपलवाल्यानं हे सगळं गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवलं. काका म्हणाले, “याला म्हणतात बैठक जमवून ऐकणारे लोक.”

रविवारी साडेतीनपासूनच जिना भरला. काय ती मंडळी! टॅक्सीवाले, पाळीवरून तसेच आलेले कामगार, जुळी पोरं काखेत मारून आलेली एक आई, परीक्षेच्या धास्तीनं वाळलेल्या दोन मुली, आणि एक वकील, ज्यानं म्हणे महिनाभर पापणीला पापणी लावली नव्हती. सगळ्यांचे डोळे तांबारलेले. उशा तर होत्याच, एकानं पायमोजेसुद्धा काढले. दाराशी वाचनालयाचा वॉचमन उभा होता, त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे. पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बाई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी भाची नखं खात होती.

काकांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि पहिला भाग सुरू केला. दोन मिनिटं गेली. माना डोलायला लागल्या. काकांना लांबचं लख्ख दिसायचं, तेव्हा मागच्या रांगेपर्यंतची एकेक मान त्यांनी मोजून घेतली. दुसऱ्या भागात कोपऱ्यातून एक खर्जातला आवाज आला. काकांना वाटलं, कुणीतरी सूर धरलाय. वा! मग दुसरा आवाज आला, तो काही सुरात नव्हता. वकिलाची मान शेजारच्या टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर पडली. टॅक्सीवाल्यानं ती ढकलली नाही, कारण त्याची स्वतःची मान त्याच्या छातीवर होती. जुळी पोरं आईच्या दोन मांड्यांवर आडवी, आई त्यांच्यावर आडवी. चपलवाला तोंड उघडं टाकून, जीभ दिसेल असा.

आडवा. झोपवलं. रात्र जात नाही. एकेक शब्द काकांच्या डोक्यात उलटा होऊन पडायला लागला. हात आपला चालत होता. चाळीस हजार माणसं! आणि त्यातला एक जागा नाही. मध्येच कोण बंद करणार, बंद करायला जाग हवी ना! लाज वाटली, इतकी लाज वाटली की स्टेजवरून उडी मारून पळावं. मग राग आला. थांबा लेको, काका मनात म्हणाले, नऊ मिनिटं झाली.

आणि त्यांनी तिसरा भाग सोडला.

सोडला म्हणजे अंगावरच सोडला. गज असा चालला की समोरच्या खुर्चीतला माणूस “भूकंप!” म्हणून उभा राहिला. जुळ्यांनी एकदम गळा काढला. उशा खाली पडल्या. परीक्षेवाल्या मुलींनी एकमेकींना मिठी मारली. “अहो काका! झोपमोड काय करताय!” “थांबवा हो!” “आत्ता कुठे लागली होती!” सगळं सभागृह ओरडत होतं आणि काका घामाघूम होऊन वाजवत होते. त्यांनी शेवटचा सूर लावला, गज खाली आणला, तेव्हाच थांबले.

वकील पुढे आला. “काका, ही फसवणूक आहे. हा भाग फोनवर नाही.”

“नाही कसा? पुरती ऐकावी लागते धून! शेवटपर्यंत ऐकायला दम लागतो!”

जुळ्यांच्या आईनं फोन त्यांच्या नाकासमोर धरला. काकांनी हात लांब करून बघितलं, मान मागे नेऊन बघितलं. धुकं. बाई उठल्या, पिशवीतून एक चष्मा काढला आणि काही न बोलता नवऱ्याच्या हातात ठेवला. एकशेवीस माणसांसमोर काकांनी तो डोळ्यांवर चढवला.

चंद्राखालचे दोन शब्द होते ‘गाढ झोप’. आणि त्यांच्या धुनीपुढे लिहिलं होतं, नऊ मिनिटं बारा सेकंद.

“मामा, तो भाग मी कापला,” भाची रडवेली होऊन म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात लोकांनी तक्रारी केल्या, दचकून उठतो म्हणून. मला वाटलं, तुम्ही ऐकाल आणि मला झापाल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, मामानं मनावर घेतलं नाही.” ती थांबली. “रोज रात्री ऐकत होतात ना तुम्ही?”

काकांनी मनात हिशेब केला. आठ महिने. रोज. डोळे मिटून. आता काय सांगणार कपाळ? जगातल्या समस्त अरसिकांना तीस वर्षं शिव्या घालणाऱ्या कलावंताला स्वतःच्या धुनीची नऊ मिनिटंसुद्धा जागेपणी जमली नव्हती.

“काका,” टॅक्सीवाला खालच्या आवाजात म्हणाला, “मला पाच वाजता गाडी काढायचीय. तो मधला भाग परत वाजवाल का? दहाच मिनिटं.”

काकांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. लोक कुरकुरत उशा गोळा करून निघाले. चपलवाला नजर चुकवून जिना उतरला. काका स्टेजच्या कडेला बसून राहिले. तेवढ्यात दारावरचा वॉचमन जवळ आला आणि म्हणाला, “फार छान झालं, साहेब.”

काकांनी मान वर केली. “तुम्ही जागे होतात? तिसरा भाग ऐकलात?”

वॉचमननं एका कानातला बोळा काढला. “काय म्हणालात? ड्यूटीवर झोप लागली तर नोकरी जाते, म्हणून हे आधीच घालून ठेवले होते.” त्यानं बोळा परत कानात घातला आणि दिवे बंद करायला गेला.

भाची खुर्च्या नीट लावायच्या निमित्तानं मागे निघून गेली. बाई येऊन काकांच्या शेजारी टेकल्या.

“ते शेवटाकडे वर चढायचं असतं ना,” बाई म्हणाल्या, “जिथे बोट लांब न्यावं लागतं तुम्हाला. तिथे दरवेळी घसरता. आज नाही घसरलात.”

काका त्यांच्याकडे बघत राहिले. चष्मा अजून डोळ्यांवरच होता. एवढ्या जवळून बायकोचा चेहरा त्यांनी किती वर्षांनी नीट बघितला, देव जाणे.

“तुला… झोप नाही लागली?”

“मला?” बाईंनी कपाळाला हात लावला. “तुमचं वाजवणं चालू असताना मला कधी झोप लागलीय का? तीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय, झोप उडते माझी. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत टक्क जागी असते मी त्या खोलीत. तोंडपाठ झालंय सगळं.”

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. काचेवर काही नव्हतं, तरी पुन्हा पुसला.

“परत म्हण,” ते म्हणाले.

“काय परत म्हणू?”

“तेच. झोप उडते ते.”

बाईंनी म्हटलं. वॉचमनलासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.